ओव्हनचा प्लग आणि महाराजांचा हात

"ओव्हन भिंतीत सपाट बसला पाहिजे! प्लग कुणाला दिसता कामा नये! आणि ओव्हन इंचभरही न हलवता तो प्लग मला माझ्या हाताने काढता आला पाहिजे!"

धुरंधर महाराजांनी मुदपाकखान्यात हुकूम सोडला. सॉकेट होतं ओव्हनच्या बरोबर पाठीमागे. तिथंच लावा म्हणून प्रधानजींनीच सांगितलेलं. प्लगला जाडी असते हे त्या सत्तरीच्या डोक्यात शिरलंच नाही, आणि ओव्हन चार बोटं बाहेर आला. पण नोकरी कुणाची जाणार? वायरमन तुळाजीची! संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर बिऱ्हाड उचलून राज्याबाहेर.

"भिंत मागे सरकवू," प्रधानजी म्हणाले.

"भिंतीपलीकडे माणूस बसवू," राजगुरू म्हणाले. "महाराजांनी घंटा वाजवली की तो प्लग काढेल."

"तुम्हीच बसा की! तसंही दिवसभर बसूनच असता!" हौसा म्हणाली. ही तुळाजीची मुलगी. सातवीत शाळा सोडून बापाबरोबर वायरी ओढणारी.

"पोरी, मोठ्यांपुढं बोलू नये!" राजगुरू गुरगुरले.

"मोठ्यांच्या बोलण्यानंच तर घोळ झालाय!"

संध्याकाळी महाराज आले. ओव्हन सपाट बसलेला. प्लग कुठेच दिसेना.

"कुठाय?"

"शेजारच्या कपाटात, महाराज," हौसा म्हणाली. "मधल्या फळीला भोक पाडून वायर तिकडे नेलीय."

प्रधानजींना उकळ्या फुटल्या. "हरली! ते आऊसाहेबांचं सोवळ्याचं कपाट! राजमातेशिवाय त्याला कुणी शिवत नाही. महाराजांचा हात तिथं पोचणार कसा?"

"आऊसाहेबांना विचारूनच भोक पाडलंय," हौसा म्हणाली. "आणि महाराजांचा हात तिथं रोज पोचतो! लाडवांच्या डब्यावर तुपाची बोटं उठलीत, अंगठीतल्या राजमुद्रेच्या ठशासकट! सॉकेट डब्याच्या वर वीतभर लावलंय. डोळे मिटूनही चुकायचं नाही!"

"मेल्या!" दारातून आऊसाहेब कडाडल्या. "साठीला आलास! आणि मी उगाच त्या स्वयंपाकिणीला बोल लावतेय!"

महाराज आधी लालेलाल झाले, मग पोट धरधरून हसले. डोळे मिटून त्यांनी कपाटात हात घातला आणि प्लग उपटून दाखवला. सवयीने एक लाडूही बाहेर आला, तो त्यांनी हौसाला दिला.

तुळाजीची नोकरी कायम झाली. हौसा राजवाड्याची मुख्य वायरमन झाली, आणि तिची शिडी धरायला महाराजांनी प्रधानजींना नेमलं!