भामरे गुरुजींची कोरडी चारी

त्या दिवशी आभाळ सकाळपासून मळकट होतं. पौषातला वारा अंगाला झोंबत होता आणि ऊन काही निघेना.

"उतार बरोबर आहे, मग पाणी का शिरत नाही, आबा?"

भामरे गुरुजी विचारत होते. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस. आणि विचारत होते कोणाला, तर शेजारच्या बुधा आबांना. आबांना अक्षर येत नव्हतं. पण जन्मभर पाटकरी होते, गावाचं पाणी शेताशेतात त्यांनीच सोडलेलं.

मोठ्या पाटापासून परसातल्या लिंबोणीपर्यंत गुरुजींनी स्वतःच्या हातानं चारी खणली होती. लिंबोणी लेकीनं लावलेली. सरोज सहा वर्षांपूर्वी न सांगता लग्न करून गेली, ती पुन्हा या घराची पायरी चढली नाही. आणि यंदा लिंबोणी वाळायला लागली होती.

आबा चारीच्या काठाला उकिडवे बसले.

"उतार किती धरला?"

"दहा हातांना एक बोट. सरळ रेषा आहे, आबा. तिचा चढ आणि आंतरछेद, दोनच गोष्टी काढायच्या. समीकरण झालं, की सगळी रेषा आपल्या मुठीत."

"पाणी खाली जातंय, न् तुम्ही चढ म्हणता?"

"उणे चढ म्हणतो."

"म्हणा बापडे. आणि ते दुसरं?"

"अंतर शून्य असताना उंची किती, ते. म्हणजे रेषा कुठून निघते."

"ती कुठून काढली?"

गुरुजींनी पाटाच्या दगडावरची खूण दाखवली. "इथून. पाणी इथवर येतं. सरोज न् मी, आम्हीच कोरली होती."

आबांनी पाटात हात घातला. पाणी खुणेच्या वीतभर खालून चाललं होतं.

"खूण खोटी नाही, गुरुजी. पण वरचा बंधारा गाळानं भरला. त्या खुणेला पाणी शिवून पाच-सहा वर्षं झाली."

गुरुजींनी त्या खुणेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे उतार तोच. पण पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत सगळी रेषा वीतभर खाली."

"सगळीच खणायची."

गुरुजींनी कुदळ उचलून चारीच्या तोंडाशी ठेवली.

"सरोजला धाडलेल्या पत्रांचं काय झालं?" आबांनी विचारलं.

"तेरा पाठवली. एकाचंही उत्तर नाही."

"सुरुवात काय करता?"

"त्या दिवसापासूनच करतो. तू न सांगता गेलीस, तिथून. पण पुढचं सगळं मायेचंच असतं, आबा. ये म्हणूनच लिहितो."

"हं... आता कसं चाललंय तिचं?"

"ठाऊक नाही."

"लेकरूबाळ?"

"मुलगी झाली म्हणे. चारेक वर्षांची असेल आता."

पाट वाहत होता. गुरुजींनी खाली वाकून त्या गार पाण्याला बोटं लावली, आणि तशीच राहू दिली.

"मग सुरुवात कुठून करू?" फळ्यापुढे कधी न अडखळलेला आवाज अडखळला. "सांगा ना, आबा..."

आबांनी ओला हात धोतराला पुसला.

"नातीचं नाव विचारा."