वादळ चवड्यांवर चालतं

वादळं अजून बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. एक वादळ भर समुद्रातून एका कोळीवाड्याकडे निघालं होतं. होड्यांना बेसावध गाठून बुडवायचं, असा त्याचा बेत होता. इतक्यात वरून उपग्रह ओरडला, "वादळ येतंय! होड्या वर ओढा!" कोळ्यांनी लगेच होड्या किनाऱ्यावर ओढल्या.

वादळ संतापलं. "मी तर कोणाला दिसत नाही. तुला कसं कळलं?"

"तू धावलंस की समुद्राच्या अंगावर सुरकुत्या पडतात," उपग्रह म्हणाला. "त्या बघून मी तुझा जोर मोजतो."

वादळ समुद्रावर खेकसलं, "सुरकुत्या पाडू नकोस!"

"मग तू गुदगुल्या करू नकोस," समुद्र म्हणाला.

वादळाने श्वास रोखला आणि ते चवड्यांवर, अलगद चालू लागलं. समुद्र ताटासारखा सपाट झाला. "वारा पडला, होड्या सोडा," उपग्रहाने कळवलं. होड्या पुन्हा समुद्रात गेल्या. वादळ त्यांच्यामधून, एकाही शिडाला धक्का न लावता, किनाऱ्यावर पोचलं.

तिथे चांगुणाबाई बोंबील वाळत घालत होती. ती करवादली, "मेल्या वाऱ्याचा आज पत्ताच नाही!"

वादळाला आनंद आवरेना. "कोणाला कळलंसुद्धा नाही!" असं पुटपुटत ते मोठ्या रुबाबात, चवड्यांवरच, डोंगरापलीकडे निघून गेलं.