भोपळा आणि छकडा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बैल माणसांशी बोलत असत. पुढे ते बोलायचे थांबले. आपलं कुणी ऐकत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि बैल झाला तरी तो काही इतका खुळा नसतो.

तर त्या काळी नदीच्या वळणावर एक गाव होतं. गावात एकच वीणा होती आणि ती वाजवणारे एकच म्हातारे बुवा होते. त्या गावची एक रीत होती. कुणी माणूस गेलं, की तिरडी उचलण्याआधी बुवा येत, मयताच्या उशाशी बसत आणि निरोपाची धून वाजवत. सारं गाव अंगणात उभं राहून ती ऐके. पण त्या धुनेची शेवटची ओळ गावासाठी नसे. बुवा पुढे वाकत, वीणा मयताच्या कानाशी नेत आणि ती ओळ इतकी हळू वाजवत की पायाशी बसलेल्या लेकीलाही ऐकू येऊ नये. ती ओळ फक्त जाणाऱ्याची. ती ऐकलेला माणूस मागे वळून बघत नाही, असं गावात म्हणत.

जिवंत माणसांत ती ओळ एकट्या बुवांना ठाऊक होती. त्यांना ती त्यांच्या गुरूने दिली होती आणि गुरूला त्याच्या गुरूने. आता ती घ्यायची पाळी खेमाची होती.

खेमा हा बुवांचा एकुलता एक शिष्य. मिसरूड फुटायच्या आधी आला होता, आता चांगला बाप्या झाला होता. हात गोड होता, स्वभाव गरीब होता. पण त्याचं एक पाऊल वीणेकडे असायचं आणि दुसरं गोठ्याकडे. गोठ्यात मोऱ्या आणि तांबडा अशी देखणी जोडी होती. शर्यतीचं मैदान दिसलं की ती दोघं कान टवकारत, आणि त्यांच्याआधी खेमा टवकारे.

एके दिवशी बुवांनी त्याला जवळ बसवलं.

"खेमा, तुझा हात आता पिकला. श्येवटची वळ तुला द्यायची ईळ झाली. पर माझं कान चाललं रं बाबा. बोटं कापत्यात, मयताफुडं कसंबसं निभावतो, पर शिकवायला वाजवून दावता यायचं न्हाई. मी गुणगुणायचं, तू वाजवायचं, आनि चुकशील तितं मी धरायचं. पर धरायला ऐकू तर आलं पायजे! ह्या वीणंचा भोपळा झिजला, आवाज तिच्या पोटातच ऱ्हातो. खिंडीपल्याड सटवाआई भोपळं पिकवती. तिला सांगावा धाडलाय. तिच्याकडनं एक मोठा, कडू भोपळा आण. वीणा घुमली की मला ऐकू यील, नि मी मोकळा हुईन."

"कडूच कशाला, बुवा?"

"ग्वाड भोपळ्याला कीड लागती. वाद्याला कडूच लागतो."

"उद्याच जातो," खेमा म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला.

त्याच्याजवळ मोलाची अशी एकच वस्तू होती, आईच्या मागे राहिलेलं चांदीचं कडं. ते त्याने कमरेला बांधलं आणि सकाळी आपल्या जुन्या, जडशीळ छकड्यात बसून तो निघाला. पण खिंडीची वाट रंभाजी सुताराच्या दारावरून जात होती, आणि दारात रंभाजीने नुकताच पुरा केलेला शर्यतीचा छकडा उभा होता. बसायला बांबूची साटी, हलकी चाकं, एका हाताने उचलावा असा. खेमाचा जीव तिथेच अडकला.

"बस तर खरा," रंभाजी म्हणाला.

खेमा बसला. मग जुना छकडा सोडून बैल नव्याला जुंपले, मैदानाला एक फेरी मारली, आणि उतरला तेव्हा त्याच्या तोंडाला कोरड पडली होती.

"कडं हाय की कंबरंला," रंभाजी म्हणाला. त्याची नजर घारीची होती.

"ते भोपळ्याचं हाय. बुवांच्या वीणंला."

"मग भोपळा काय पळून जातोय व्हय? जत्रंच्या शर्यतीत पैल्या नंबराला काय देत्यात? चांदीचं कडं! हे कडं मला दे, जत्रंत पैला ये, ते कडं सटवाआईला दे. छकडाबी ऱ्हाईल, भोपळाबी यील. आनि पळती गाडी असली तर खिंड काय लांब हाय?"

या बोलण्यात चूक काढायला कुठे जागा नव्हती. माणूस स्वतःला फसवायला बसला, की त्याचं गणित नेहमी बरोबरच येतं.

परत येताना मोऱ्या मान न वळवता म्हणाला, "मालक, बुवांच्या कानांना जत्रा कवा हाय ते ठावं हाय का?"

"तू गप वढ."

"वढतो की. वढायलाच जल्माला आलोय."

बुवांना काय सांगायचं, हा प्रश्न होता. खेमाने उंबऱ्यावर उभं राहून सांगितलं, "बुवा, सटवाआईचा भोपळा अजून वाळायचाय."

बुवांनी मान डोलावली. "वाळू दे, वाळू दे. कच्चा भोपळा घुमत न्हाई." आणि वर स्वतःच खेमाची समजूत घातली, "तू जिवाला लावून घिऊ नगंस."

जत्रेत खेमा पहिला आला. कडं मिळालं, डोक्याला फेटा मिळाला, लोकांनी खांद्यावर घेतलं. आयुष्यभर मयताच्या घरी बसून वाजवायचं शिकलेल्या माणसाला एवढा आरडाओरडा प्रथमच मिळत होता. तो त्याला फार गोड लागला. तरी दुसऱ्या दिवशी तो खिंडीकडे निघणारच होता. पण पारावर कुणीतरी बोललं, की दुसऱ्या नंबरची जोडी अवघी एका मानेने मागे राहिली, आणि पुढच्या जत्रेला ते लोक चाकांना नव्या लोखंडी धावा चढवून येणार आहेत. झालं. ते कडं लोहाराकडे गेलं.

पुढच्या जत्रेचं कडं नव्या जुवात गेलं. त्याच्या पुढच्या जत्रेचं चाकांच्या आखात गेलं. छकडा दरवर्षी हलका होत होता आणि खेमा दरवर्षी पहिला येत होता. वीणा एरवी खुंटीलाच असे. गावात कुणी गेलं तर बुवाच कापऱ्या बोटांनी कसंबसं निभावून नेत.

"वाळला का रं भोपळा?" बुवा विचारत.

"वाळतोय, बुवा."

"हां. घाई नगं."

आधी बुवांना चिमण्या ऐकू येईनाशा झाल्या. मग शेजारचं जातं. पूर्वी पावलांवरून माणूस ओळखणारे बुवा आता कुणी पुढ्यात येऊन उभं राहिलं की दचकत. खेमाला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, पण जत्राही जवळ आलेली असायची.

त्या वर्षी खेमाने सगळ्यांना धूळ चारली. पोरांनी त्याची मिरवणूक काढली, आणि त्याच्या मनात आलं, ही आधी बुवांच्या पाया पडायला न्यावी. अंगणात मिरवणूक शिरली. ताशा असा तडतडत होता की कौलं हालावीत. बुवा पाठमोरे बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. एक शेंग सोलली, टरफल बाजूला ठेवलं, दुसरी घेतली.

खेमाने हात वर केला. ताशा थांबला. बुवांना तो थांबलेलाही कळला नाही.

 गुलाल झटकायलाही खेमा थांबला नाही. नवं कडं मुठीत घेऊन तसाच छकड्यात चढला आणि खिंडीकडे सुटला.

सटवाआई वेलांना पाणी घालत होती. खेमाने बुवांचं नाव घेताच तिने हात पुसले, माळ्यावर चढली आणि धुरात मुरलेला एक मोठा भोपळा पोटाशी धरून खाली आणला. बोटाने टिचकी मारली, तर साऱ्या घरात आवाज भरला.

"बुवांचाच हाय ह्यो," ती म्हणाली. "बुवांचा सांगावा आला तवाच बाजूला काढला. लई जत्रा झाल्या, कुनी न्यायलाच येईना. मला वाटलं, बुवांना दुसरा घावला."

खेमाने मान खाली घालून कडं पुढे केलं.

सटवाआईने ते बघितलं आणि त्याची मूठ मिटवली. "हे कशाला? माझा धनी गेला तवा बुवा वढ्याला पूर असताना आलं हुतं, त्याच्या कानाशी वाजवायला. त्या मानसाकडनं मी काय घिऊ? कवाबी आला असतास तरी तसाच दिला असता."

आईचं कडं, जत्रेची कडी, इतक्या वर्षांची वाट, सगळं एका क्षणात खेमाच्या डोळ्यांपुढून गेलं. त्याला त्या जागी मरण आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण मरण असं मागून येत नाही.

"एक ध्यानात ठीव," म्हातारी म्हणाली. "डोक्यावर घिऊन चालत जा. ह्या भोपळ्याला धक्का सोसत न्हाई."

खेमाने मान हलवली. वाटेला लागेपर्यंत तो खरंच चालणार होता. मग त्याच्या मनात आलं, चालत गेलो तर उद्या पोचेन. उद्यापर्यंत बुवांचे उरलेसुरले कान राहतील का? आणि एवढा वाऱ्यासारखा छकडा काय मिरवायलाच केला? इतकी वर्षं उशीर करणाऱ्या माणसाला शेवटी एका दिवसाची घाई झाली. त्याने फेट्यात भोपळा गुंडाळला, साटीला घट्ट बांधला आणि चाबूक उचलला.

"मालक," मोऱ्या म्हणाला, "ही गाडी वझं न्यायला केलेली न्हाई. बसलेल्या मानसाची हाडं खिळखिळी हुत्यात हितं. आमी सावकास चालू का?"

"पळ!"

बैल पळाले. पळायलाच शिकवलं होतं त्यांना. खिंडीतल्या खडकावरून छकडा उडत निघाला, आणि उतरणीला एका धक्क्यासरशी मागे टक् असा बारीक आवाज झाला. खेमाने ऐकला. ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यात तो आता तरबेज झाला होता.

घरी येऊन फेटा सोडला, तर भोपळ्याला देठापासून बुडापर्यंत चीर गेली होती.

त्याने चिरेत लाख भरली, मेण चोपडलं, वीणेला भोपळा बसवला, तारा चढवल्या आणि बुवांपुढे जाऊन बसला. त्याने निरोपाची धून सुरू केली. तार छेडली की चीर फुरफुरे. नाद बाहेर यायच्या आधीच फाटत होता. बुवांनी भोपळ्यावर तळहात टेकवला, मग गाल टेकवला आणि डोळे मिटून वाट पाहत राहिले.

"वाजव की रं खेमा," बुवा म्हणाले. "कशाला थांबलास?"

खेमा वाजवतच होता. त्याच्या डोळ्यांतलं पाणी तारांवर पडत होतं, आणि तो वाजवतच होता.

बऱ्याच वेळाने बुवांनी डोळे उघडले. शिष्याची बोटं हलताना पाहिली, चिरेतली लाख पाहिली, केसांत अडकलेला गुलालही पाहिला.  ओळ निदान गुणगुणून द्यावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, एक सूर लावला आणि मिटलं.

"माझाच सूर मला ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "वाकडा हाय का सरळ, कसं कळावं? वाकडी वळ जानाऱ्यांच्या कानात जाऊ दिऊ व्हय? त्यापरीस न दिल्याली बरी."

"बुवा, कशीबी द्या. पाया पडतो."

पण तेही बुवांना ऐकू आलं नाही.

सटवाआईच्या माळ्यावर दुसरा भोपळा नव्हता. वेलाला नवा धरायला पावसाळा लागणार होता. बुवा पावसाळ्याआधीच गेले.

सारं गाव अंगणात जमलं. खेमा उशाशी बसला. भोपळा फुटका, तरी त्याने धून इतकी जीव ओतून वाजवली की बायाबापड्या हुंदके देऊ लागल्या. मग शेवट आला.  रीतीप्रमाणे खेमा पुढे वाकला, वीणा बुवांच्या कानाशी नेली आणि तारांवरून बोटं फिरवली. तारांना न लावता, नुसतीच वरून.

कुणाला काही कळलं नाही. कळणार कसं? ती ओळ कुणाला ऐकू येतच नसे.

"गुरूचं नाव राखलंस, बाबा," तिरडी उचलताना एक म्हातारा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. खेमाला तो हात चटका बसावा तसा लागला. ज्याने गावातल्या प्रत्येक जाणाऱ्याच्या कानात ती ओळ घातली, तो स्वतः तिच्यावाचून गेला होता.

खेमा गोठ्यात गेला आणि मोऱ्याच्या गळ्यात पडून म्हणाला, "बोल रं कायतरी. शिव्या घाल." मोऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि रवंथ करत राहिला. तो पुन्हा कधी बोलला नाही.

खेमा पुढे खूप जगला. शर्यतीला पुन्हा गेला नाही. छकडा अंगणात कुजला, त्याच्या साटीवर कोंबड्या बसू लागल्या. गावात कुणी गेलं, की लोक त्याला मानाने बोलावून नेत. तो जाई, धून वाजवी, शेवटी वाकून मुक्या तारांवरून बोटं फिरवी, आणि मयताच्या कानात आवाज न करता म्हणे, "माफ कर." घरच्यांना वाटे, आपलं माणूस ओळ ऐकून गेलं.

तेव्हापासून त्या गावातलं प्रत्येक माणूस जाताना मागे वळून बघू लागलं, आणि ते फक्त खेमाला ठाऊक होतं.

म्हणून पोरांनो आणि थोरांनो, एवढं गाठीला बांधा: शर्यत पुढच्या वर्षीही भरते, ऐकणारा कान मात्र पुढच्या वर्षी असेलच असं नाही.