बुटक्या ट्रॅक्टरखालचं दार

एक होता ट्रॅक्टर. होता कसला, पडून होता.

पेरूच्या बागेत. बुटका. पूर्वी लाल होता म्हणे. आता नुसता गंज.

त्याच्याखाली राहायची एक चिचुंद्री. तिचं नाव भिंगरी. नाक लांब. शेपूट लांब. आणि अंगाला वास. वास म्हणजे वास. ती तो लपवायची नाही आणि लाजायचीही नाही.

ट्रॅक्टरच्या धुराच्या नळीत भिंगरीच्या शेंगा. भुईमुगाच्या. ठासून भरलेल्या. तोंडाशी चिंधीचा बोळा, मुंग्या येऊ नयेत म्हणून.

आणि ट्रॅक्टरच्या चाकाजवळ भिंगरीचं बीळ. बिळाला एकच दार. बिळात तीन पोरं. टिन्या, मिन्या आणि धाकटी ठमी.

एके सकाळी भिंगरी बाहेर उन्हात बसली होती. तेवढ्यात चाकातली हवा गेली.

फुस्स.

चाक बसलं. बसलं ते थेट दारावर.

भिंगरी बाहेर. पोरं आत.

चिक चिक चिक. आई, भूक.

"थांबा रे," भिंगरी म्हणाली. "दंगा करू नका. मी बघते."

तुरुतुरु तुरुतुरु. भिंगरी चढली ट्रॅक्टरच्या डोक्यावर.

"ट्रॅक्टरदादा, ट्रॅक्टरदादा, जरा सरक.
ट्रॅक्टर सरकेल,
दार उघडेल,
पोरं बाहेर येतील."

ट्रॅक्टरला वास आला. पण नाक धरायला हात कुठे? तो नुसता करकरला.

"कसा सरकू? मी बंद पडलो आणि सगळ्यांनी माझं काही ना काही पळवलं. इंजिनाचा पट्टा शेळीच्या गळ्यात आहे. आधी पट्टा आण. मग मी सरकतो. पण पट्टा लावणार कोण?"

"मी."

"तुला येतं?"

"नाही. लावता लावता येईल."

तुरुतुरु तुरुतुरु. भिंगरी गेली शेळीकडे. शेळी पाला खात होती. कचर कचर. गळ्यात काळा पट्टा.

"शेळीताई, शेळीताई, पट्टा दे.
शेळी पट्टा देईल,
ट्रॅक्टर सरकेल,
दार उघडेल,
पोरं बाहेर येतील."

शेळीनं तोंड फिरवलं. काय वास हा, म्हणाली.

"मीच का म्हणून? कोंबडी त्याच्या सीटवर बसलीय. तिला कुणी बोलत नाही. आधी कोंबडीनं सीट द्यावी. मग मी पट्टा देते."

चिक चिक चिक. आई, भूक.

तुरुतुरु तुरुतुरु. भिंगरी गेली कोंबडीकडे. कोंबडी सीटवर पसरून बसली होती. कुक् कुक् कुक्. खाली एक अंडं.

"कोंबडीबाई, कोंबडीबाई, सीट दे.
कोंबडी सीट देईल,
शेळी पट्टा देईल,
ट्रॅक्टर सरकेल,
दार उघडेल,
पोरं बाहेर येतील."

कोंबडीनं चोच पंखात खुपसली. काय वास हा, म्हणाली.

"मीच का म्हणून? बोका त्याच्या झाकणात दूध पितोय. त्याला कुणी बोलत नाही. आधी बोक्यानं झाकण द्यावं. मग मी सीट देते."

चिक चिक चिक. आई, भूक.

तुरुतुरु तुरुतुरु. भिंगरी गेली बोक्याकडे. बोका दूध पीत होता. लप लप लप. दूध कशात? डिझेलच्या टाकीच्या झाकणात.

"बोकोबा, बोकोबा, झाकण दे.
बोका झाकण देईल,
कोंबडी सीट देईल,
शेळी पट्टा देईल,
ट्रॅक्टर सरकेल,
दार उघडेल,
पोरं बाहेर येतील."

बोक्यानं नाकावर पंजा ठेवला. काय वास हा, म्हणाला. चिचुंद्रीला खायचं सोडाच, हुंगणंसुद्धा नको.

"मीच का म्हणून? बनूकाकू त्याला सुरू करायच्या हँडलनं मिरच्या कुटते. तिला कुणी बोलत नाही. आधी काकूनं हँडल द्यावं. मग मी झाकण देतो. काकूला विचारायची हिंमत आहे का?"

"आहे," भिंगरी म्हणाली.

चिक चिक. आई, भूक.

बनूकाकू म्हणजे बागेची मालकीण. तिला शेळी भ्यायची. कोंबडी भ्यायची. पेरूसुद्धा तिच्यासमोर गुपचूप पिकायचे.

तुरुतुरु तुरुतुरु. भिंगरी गेली काकूकडे. काकू मिरच्या कुटत होती. धण धण धण. ट्रॅक्टरच्या लोखंडी हँडलनं.

"बनूकाकू, बनूकाकू, हँडल दे.
काकू हँडल देईल,
बोका झाकण देईल,
कोंबडी सीट देईल,
शेळी पट्टा देईल,
ट्रॅक्टर सरकेल,
दार उघडेल,
पोरं बाहेर येतील."

काकूनं नाकाला पदर लावला.

"मीच का म्हणून? मेलंय ते खटारं. मेलेल्याला हँडल कशाला? आधी ट्रॅक्टरनं धूर काढून दाखवावा. मग मी हँडल देते."

धण धण धण.

तुरुतुरु तुरुतुरु. भिंगरी परत ट्रॅक्टरकडे.

"ट्रॅक्टरदादा, ट्रॅक्टरदादा, धूर काढ.
ट्रॅक्टर धूर काढेल,
काकू हँडल देईल,
बोका झाकण देईल,
कोंबडी सीट देईल,
शेळी पट्टा देईल,
ट्रॅक्टर सरकेल,
दार उघडेल,
पोरं बाहेर येतील."

ट्रॅक्टरनं ऐकलं. पुन्हा मनात म्हणून बघितलं.

"अगं, यात मी दोनदा आलो. वरही मी, खालीही मी. हँडल फिरवल्याशिवाय मी धूर कसा काढू?"

काकू म्हणते आधी धूर. ट्रॅक्टर म्हणतो आधी हँडल. झालं. आता कुणाकडे जायचं?

बिळातून आवाज आला. बारीक. एकच.

चिक.

भिंगरीनं कान टवकारले. आई, भूक, एवढंही आलं नाही.

मग भिंगरी कुणाला काही विचारत बसली नाही. तुरुतुरु तुरुतुरु, थेट काकूच्या घरात. चुलीशेजारी. उखळाच्या काठावर बसली. काकूकडे पाठ केली. शेपूट वर केली.

भस्स्स्स.

काय वास सुटला, काय वास सुटला. चुलीवरचं कालवण थांबून बघायला लागलं. मिरच्या कुटताना काकूच्या डोळ्यांत कधी पाणी यायचं नाही. आता आलं.

काकू पदरातून बोलली. "घे बाई तुझं हँडल. पण ऊठ इथून."

"उठते," भिंगरी म्हणाली. "पण हँडल जड आहे. तूच घेऊन चल. आणि डिझेलचा डबाही घे."

काकू निघाली. पुढे भिंगरी, मागे काकू.

बोक्यानं बघितलं. "काकूनं हँडल दिलं? काकूनं? मग हे घे झाकण." शेवटचं दूध चाटून त्यानं झाकण दिलं. लप.

कोंबडीनं बघितलं. "बोक्यानं झाकण दिलं? मग ही घे सीट." ती उठली. सीट दिली. घाईत अंडं उचलायचं राहिलं.

शेळीनं बघितलं. "कोंबडीनं सीट दिली? मग हा घे पट्टा. नाहीतरी टोचतच होता." मान हलवून तिनं पट्टा दिला.

आता भिंगरी झाली मेकॅनिक. आयुष्यात पहिल्यांदा.

तिनं पट्टा लावला. उलटा. काढला. पुन्हा लावला. पुन्हा उलटा. काढला. काकू म्हणाली, जमणार आहे का तुला? भिंगरी म्हणाली, दोनदा चुकले ना, आता उलट्या बाजू संपल्या.

तिसऱ्यांदा बरोबर बसला.

मग झाकण सीटच्या जागी ठेवलं आणि सीट झाकणाच्या जागी. ट्रॅक्टर म्हणाला, अगं, बसायचं कुठे आणि पाजायचं कुठून, एवढं तरी बघ. भिंगरीनं बघितलं. बदललं.

काकूनं डबा उपडा केला. ग्लग ग्लग ग्लग. वर झाकण लावलं.

काकूनं पदर खोचला. हँडल घातलं. फिरवलं.

घर्र. घर्र. घर्र.

खॉक.

ट्रॅक्टर गप्प.

घर्र. घर्र. घर्र.

खॉक.

ट्रॅक्टर पुन्हा गप्प.

"आता काय झालं?" काकू म्हणाली.

ट्रॅक्टर लाजला. हळूच म्हणाला, "पुढून सगळं आलं. मागून तुंबलंय."

सगळे मागे गेले. वाकून बघितलं. धुराची नळी. नळीला चिंधीचा बोळा. बोळ्यामागे शेंगा.

शेळीनं भिंगरीकडे बघितलं. कोंबडीनं भिंगरीकडे बघितलं. बोक्यानं बघितलं. काकूनं कमरेवर हात ठेवून बघितलं.

"या कुणाच्या?" काकूनं विचारलं.

भिंगरी नाक वर करून म्हणाली, "मीच का म्हणून..."

चिक.

भिंगरी थांबली.

"माझ्या," म्हणाली. "जाऊ देत शेंगा. उडू देत सगळ्या."

तिनं बोळा दातांत धरला. ओढला. ओढला. ओढला.

पॉक.

"काकू, फिरव हँडल."

घर्र. घर्र. घर्र.

खॉक. खॉक. टक्. टक् टक्. टक् टक् टक् टक्.

आणि मागून,

पर्रर्रर्र फाट्.

काळा धूर. धुरात शेंगा. शेळीच्या डोक्यावर शेंगा. बोक्याच्या पाठीवर शेंगा. कोंबडीच्या शेपटीत एक अडकलेली. सगळ्या गरम गरम. खरपूस.

सगळ्यांनी नाकं धरली. काय वास हा.

"हा माझा नाही," भिंगरी म्हणाली. "हा त्याचा."

काकूनं सीटवर उडी मारली. बसली.

फच्च.

काकू उठली नाही. खाली बघितलं नाही. कोंबडीकडे मात्र बघितलं. कोंबडी पेरूच्या झाडामागे गेली ती गेलीच.

काकूनं गिअर टाकला.

काकूनं हँडल दिलं,
बोक्यानं झाकण दिलं,
कोंबडीनं सीट दिली,
शेळीनं पट्टा दिला,
भिंगरीनं शेंगा दिल्या,
ट्रॅक्टरनं धूर काढला,
ट्रॅक्टर सरकला,
दार उघडलं.

भिंगरी दारात तोंड घालून म्हणाली, "या रे."

कुणी नाही आलं.

"या रे. शेंगा आहेत. भाजलेल्या."

चिक चिक चिक चिक चिक चिक.

आलं टिन्याचं नाक. आलं मिन्याचं नाक. आलं ठमीचं नाक. तिघं बाहेर पडली आणि शेंगांवर पडली. कुटुम कुटुम कुटुम. पोटं टम्म.

शेळी जवळ आली. जिभल्या चाटत. "भिंगरी, मला एक शेंग दे की."

भिंगरीनं शेंग फोडली. दाणा तोंडात टाकला.

"मीच का म्हणून? आधी कोंबडीला विचार."

मग ती निघाली नवं बीळ खणायला. या वेळी चाकापासून लांब आणि दारं दोन.

भिंगरीची शेपूट टिन्याच्या तोंडात. टिन्याची शेपूट मिन्याच्या तोंडात. मिन्याची शेपूट ठमीच्या तोंडात. तुरुतुरु तुरुतुरु.

ठमीची शेपूट मोकळी. गोष्ट तिथं संपली.

कुणाला धरायची असेल तर धरा. वास येईल.