कालिंदीच्या पोथीचे तीन साक्षीदार

एका राज्यात, जिथे नद्या दुपारी विसावा घेत आणि पाखरे माणसांचे तंटे सोडवीत, कालिंदी नावाची बाई राहत होती. फुलांच्या हंगामात ती अत्तर गाळी आणि उरलेले वर्ष कादंबरी लिही. नऊ वर्षांनी एक कादंबरी पुरी झाली. ती दरबारात वाचली गेली, तेव्हा बकुळीच्या प्रसंगाला साऱ्यांना बकुळीचा वास आला. म्हातारे अमात्य तर हुंदके देऊन रडले.

राजमांत्रिक विकटशर्मा म्हणजे नाकाने कांदे सोलणारा. तो उठला. "महाराज, ही अत्तरवाली! पानांना अत्तर चोळून आणलंय. कथेत काडीचा दम नाही."

त्याने मंत्र टाकला. अक्षरे पानांवरून उठली आणि त्याच्या कमंडलूत जाऊन बसली. नऊ वर्षांची पोथी कोरी झाली.

कालिंदीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. लिहायला बसण्याआधी ती सात दिवस भट्टी विझवून ठेवी, राखेने हात घाशी, अंगावरचा वास मरेपर्यंत लेखणीला शिवत नसे. आणि हा म्हणे अत्तर चोळले!

"महाराज, न्याय हवा."

राजा धैर्यसेन म्हणाला, "तीन साक्षीदार आण. तिघांनी पान हुंगून अत्तर नसल्याचा निर्वाळा दिला तर मंत्र उतरेल."

"पौर्णिमेच्या आत," मांत्रिकाने पुस्ती जोडली. "नाहीतर अक्षरं आटतील."

दारावरची साळुंकी म्हणाली, "बाई, पहिली काळ्या कड्यावरची राणीमाशी. दुसरा चंदनवनातला नाग. तिसरा सर्वांत अवघड. त्याचं नाव तू परत आल्यावर सांगेन."

कड्यावर कालिंदी तीन प्रहर निश्चल उभी राहिली. अंगभर माश्या बसल्या, ती हलली नाही. मग राणीमाशी आपण होऊन तिच्या पदरावर आली. चंदनवनात नाग शापित खजिन्यावर बसला होता. खजिन्याला हात लावून दगड झालेले चाळीस वीर भोवती उभे होते.

"रत्नं घे," नाग म्हणाला.

"रत्नं काय चाटायचीत? मला माझी अक्षरं हवीत."

हजार वर्षांत असे कोणी बोलले नव्हते. नाग मुकाट्याने तिच्यामागून सरपटत आला.

दरबारात राणीमाशी पानावर बसून उडाली. "इथे फूल नाही."

नागाची जीभ लवलवली. "ताडाचं पान आणि अक्षरांमागे उरलेली काजळी. दुसरं काही नाही."

"आणि तिसरा?" मांत्रिक हसला.

साळुंकी कालिंदीच्या कानाशी कुजबुजली. कालिंदी सिंहासनापुढे गेली. "तिसरे साक्षीदार आपण, महाराज."

"राजा कुणाच्या पानाला नाक लावत नाही."

"पण न हुंगता माझी पोथी कोरी होऊ दिलीत! उंटावरून शेळ्या हाकल्यात. माझी नऊ वर्षं गेली, आपली फक्त मान वाकायची आहे."

दरबार गारठला. राजा सिंहासनावरून उठला. मग पायऱ्या उतरून आला, वाकला आणि त्याने पान हुंगले.

"काहीच वास नाही," तो हळूच म्हणाला. "मग त्या दिवशी बकुळ आली कुठून?"

"लिहिण्यातून, महाराज."

तडाक्यासरशी कमंडलू फुटला. अक्षरे रांगेने आपापल्या जागी परतली. विकटशर्माची जीभ सारे मंत्र विसरली.

"तू किती पानं वाचली होतीस?" राजाने मांत्रिकाला विचारले.

"एकही नाही."

फुलांचा हंगाम सरल्यावर त्याने चौकात उभे राहून सबंध पोथी वाचावी, अशी त्याला शिक्षा झाली. मग राजा प्रसन्नपणे म्हणाला, "कालिंदी, आता राजकवी हो. भट्टी नोकर बघतील."

कालिंदी पुन्हा भडकली. "महाराज, आपण राज्यही करता आणि शिकारही. दोहोंतलं एक सोडा, असं आपल्याला कुणी म्हणतं?"

राजा ओशाळला. "दोहोंतलं एक सोड" हे राज्यात कोणी कोणाला सांगू नये, असे त्याने फर्मान काढले आणि राज्याची घडी नीट बसली. कालिंदीने पोथी काखोटीला मारली आणि ती भट्टी पेटवायला निघाली, कारण मोगऱ्याचा हंगाम सरत आला होता. राग मात्र ओसरला नव्हता. तो तिने पुढच्या कादंबरीसाठी राखून ठेवला.