उडालेल्या शेडचं बिल

स्मशानातली नवी शेड पहिल्याच वादळात उडाली, आणि रखमाजी ढेरंग्यांना बायकोची चिता भर पावसात ताडपत्रीखाली पेटवावी लागली. ठेकेदाराने शेडचं बिल किती लावलं आणि काम पास कोणी केलं, एवढंच त्यांनी माहितीच्या अधिकारात विचारलं. तालुक्याच्या माहिती अधिकाऱ्याने नकार दिला. रखमाजी अपिलात गेले.

माहिती आयुक्तांसमोर अधिकारी ऐटीत म्हणाला, “ठेकेदाराचे कागद म्हणजे त्याची खाजगी बाब. ते बाहेर गेले तर त्याला त्रास होईल. कायदा समजून घ्या, आजोबा.”

आयुक्तांनी मान डोलावली. “तुम्हाला काही सांगायचंय?”

रखमाजी उठले. “साहेब, मी अर्ज दुपारी दिला. दिवेलागणीला ठेकेदार माझ्या दारात उभा होता, हातात नाव-पत्त्यासकट माझाच अर्ज घेऊन. सुनेला म्हणाला, म्हाताऱ्याला आवर. माझा कागद ज्याने ठेकेदाराकडे पोचवला, त्याच्याच हाती ठेकेदाराचे कागद माझ्याकडे धाडा. तेव्हा कायदा आडवा आला नाही, आता कशाला येईल?”

आयुक्त अधिकाऱ्याकडे वळले. “अर्ज कोणी दिला त्याला?”

“मीच,” अधिकारी पुटपुटला.

“मग बिलाची नक्कल घेऊन उद्या तुम्हीच यांच्या घरी जा.”

रखमाजींनी अधिकाऱ्याकडे बघत टोपी चढवली. “पत्ता सांगत नाही. तो तुम्ही गावभर वाटलाच आहे.”