दशमीचा काढा

देवकुंडच्या राणीसाहेबांचे दिवस भरत आले, तेव्हा राजज्योतिषी त्र्यंबकशास्त्र्यांनी भर दरबारात फर्मावलं, "येत्या शुद्ध दशमीला सूर्योदयी जन्मेल तो चक्रवर्ती होईल. साळू, कळा आणणारा काढा दे!"

म्हातारी साळू सुईण जागची हलली नाही. "पाळी चुकल्यापासून मी दिवस मोजलेत. बाळ अमावास्येच्या आसपास येईल, चार दिवस अलीकडे-पलीकडे. दशमीला वीस दिवस कमी पडतात. काढ्यानं मायलेकरं दोन्ही हातची जातील. मी देणार नाही!"

"अमावास्या? शिव शिव! आणि धड एक दिवसही सांगता येईना? आमच्या घराण्यात घटका सांगतात!"

राजेसाहेब मान डोलवू लागले. साळूनं पदर खोचला.

"शास्त्रीबुवा, तुमचा जन्म कधीचा?"

"नारळी पौर्णिमा, सूर्योदय! पत्रिका खुद्द वडिलांनी मांडली."

"मांडली, पण तुम्ही यायच्या आधीच. पौर्णिमेला तुमच्या आईसाहेब माझ्यासमोर नारळीभात खात होत्या. तुम्ही माझ्या हातात आलात गोकुळाष्टमीच्या दुपारी. पत्रिका मात्र कुणी बदलली नाही. पडद्याआड बसल्यात त्या, विचारा."

पडद्याआड शास्त्रीबुवांची म्हातारी आई खुदकन हसली.

"सरकार," साळू म्हणाली, "हे स्वतः पत्रिका वाचून आले नाहीत, मग राजपुत्र कसा येईल?"

राजेसाहेबांनी काढ्याचं नाव पुन्हा काढू दिलं नाही.

अमावास्येनंतर तिसऱ्या दिवशी राजकन्या जन्मली. तिचं रडणं कानी पडेपर्यंत शास्त्रीबुवा पत्रिकेसाठी कोरा कागद घेऊन दाराबाहेर बसून होते.